माहुलचं नववं गाणं

मी आणि प्रज्ञानं जॅझ-सोलचा अल्बम केला ना, तेव्हाची गोष्ट. ती गाते, मी सॅक्सोफोन वाजवतो. आठही गाणी मुंबईत रिफायनरीला खेटून असलेल्या माहुलच्या विषारी हवेवर. अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीतले साहेब म्हणाले, "झकास आहे. फक्त रिफायनरीचा उल्लेख काढा, लगेच रिलीज करू."

"मग लोक कशानं खोकतात, तेही तुम्हीच सांगा," म्हणत प्रज्ञा पेन ड्राइव्ह घेऊन उठली.

त्याच रविवारी आम्ही माहुलला एका बिल्डिंगच्या आवारात वाजवलं. संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "मला नाही पटलं."

प्रज्ञाचा चेहरा उतरला.

"अगं, आमच्या सातव्या मजल्यावरचे हाल कुठायत त्यात? वर चल, सांगते."

लिफ्ट बंद होती. आम्ही वही घेऊन जिना चढायला लागलो.