सड्यावरचा पाऊस आणि पंचवीस मिनिटं

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय प्रियदर्शनी मॅडम, गडहिंग्लज भागातून मुद्दाम आलेले सरपंच कृष्णातदादा, सत्कारमूर्ती रुबीना मॅडम, त्यांचे पती अल्ताफभाई आणि शाहूपुरीतल्या या छोट्या सभागृहात दाटीवाटीने बसलेल्या बंधू-भगिनींनो,

निवृत्त होणाऱ्यांचे गुण सांगण्याची रीत आहे. मी एका दुपारची हकीगत सांगतो.

कृष्णातदादांच्या गावाचा झरा जांभ्याच्या सड्याखालून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाखालून येतो. खडक आतून पोकळ, चुनखडीच्या डोंगरासारखा. सड्यावर किती पाऊस पडला की झऱ्याला किती वेळाने पाणी वाढेल, याचं संगणकावरचं मॉडेल रुबीना मॅडमनी अकरा वर्षं खपून बांधलं.

दोन वर्षांच्या दुष्काळात झरा करंगळीएवढा झाला. मे महिन्यात गावाने गाळ काढायला घेतला. तिघे झऱ्याच्या तोंडातून आतल्या भुयारात उतरले. सर्वांत आत ज्ञानूमामा, पोटावर सरपटत.

दुपारी सड्यावरच्या पर्जन्यमापकाचा आकडा आमच्या भूजल कार्यालयात आला. अर्ध्या तासात अठ्ठेचाळीस मिलिमीटर! गावात मात्र कडक ऊन. मॉडेल म्हणालं, कोरडी जमीन पाणी पिऊन टाकेल, सहा तास काही होणार नाही. कार्यालयातून गावाला फोन गेला, काम चालू ठेवा.

तेवढ्यात मॅडम आल्या. आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः फोन लावला. दादांनी विचारलं, मघाशी चालू ठेवा म्हणालात, आता ऐकायचं कुणाचं?

मॅडम म्हणाल्या, "सडा वाळून फाटलाय, पाणी भेगांतून थेट भुयारात उतरेल. त्या भेगा माझ्या गणितात न्हाईत. चुकले तर मला शिव्या घाला, पण आधी माणसं बाहेर काढा."

ज्ञानूमामा कुरकुरत निघाले. फोन चालूच होता. कार्यालयात कुणी खुर्चीत बसलं नाही. पंचविसाव्या मिनिटाला फोनमधून गडगडाट ऐकू आला. तांबडं पाणी दगड घेऊन भुयाराबाहेर फुटलं होतं. घमेली, खोरी, काही राहिलं नाही. तिघेही वर काठावर उभे होते.

या यशाचा अहवाल कसा असावा? मॅडमच्या अहवालाचं पहिलं वाक्य होतं, "माझं मॉडेल चुकलं." पहिला फोन कुणी केला, ते त्यात कुठेच नव्हतं. दादांनीही चार वर्षं तोंड उघडलं नाही.

तो फोन मी केला होता.

ज्ञानूमामा, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. मी उन्मेष. तुम्हाला आतच ठेवा म्हणणारा मीच. मला माफ करा.

मॅडम, आकड्यापुढचा माणूस बघायला तुम्ही शिकवलंत, आभारी आहे. बोलताना सभेचा मान कुठे राहिला नसेल, तर सर्वांनी मोठ्या मनाने घ्यावं. नमस्कार.