अंगातल्या होड्या

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. ठाण्याला नौपाड्यात दवाखान्यात नंबर लावून बसलेलो. शेजारी कोलशेतचं कोळी जोडपं, नवरा चांगलाच जाडजूड. पंख्याखाली दोघं पेंगत बोलत होती.

"जने, डॉक्टर पंपाचं काय बोलला?"

"अंगात कणाकणात बारका पंप हाय. मीठ आत शिरतं, तो भायेर फेकतो. तुम्ही झोपलात तरी त्याचं चालूच."

"म्हंजे माझ्या अंगात लाख होड्या, नि हरेक होडीत एक जण पाणी उपसतोय."

"तसंच. पण तुमचं वजन नि साखर वाढली, त्यानं ते दमलेत. इंजेक्शन घेतलं की त्यांच्या हातात जोर येल."

"सुई मी नाय घेणार. घरी जाऊ."

"मग होड्या भरतील."

"आपली भरायची तेव्हा तू उपसायचीस. मी वल्हवत गाणी म्हणायचो."

"नि मी दमले की डोळे वटारायचात."

"पण थांबली कधी नाय."

"थांबले असते तर दोघं खाडीत असतो."

आतून सिस्टरनं हाक मारली, "गोमाजी, या."

"जावा. मी बसते इथं."

"नको, तू पण चल. सुई कशी टोचायची ते शिकून घे."