बॉलले हार घालू नका

मंडळी, मागच्या बायायनं पुढे यावं. पुढे जागा आहे, गडीमाणसायनं जरा सरकावं. मले बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही, माझा आवाज सगळ्या बाजारानं आयकला आहे. पण गेलेल्या माणसावर बोलाची मले सवय नाही. अकोल्याहून लोक आले, खेड्यापाड्यातून आले. मास्तरायचा फोटो इथंच ठेवला आहे. मी तिकडे पाहणारच नाही. तुमच्याकडे पाहून बोलीन.

मी वेशीजवळची फुलवाली. काशीची माय. शाळा म्हणाल तर दुसरी, तीबी अर्धी. देवराव मास्तरायनं या आखाड्याच्या मैदानावर पोरीयले बास्केटबॉल शिकवला, त्यातली एक माझी काशी. मुदतीच्या तापानं मास्तर गेले. समोर मास्तरीणबाई बसल्या आहेत. वहिनी, मी तोंडाची फाटकी, तुमाले माहीत आहे. काही जास्त झालं तर घरी येऊन रागवा, इथं बोलू द्या.

आत्ता आमच्या आखाड्याचे अध्यक्ष वकीलसाहेब बोलले. चांगले बोलले. मास्तर कसे साधे, कसे निःस्वार्थी, सगळं खरं. पण शेवटी म्हणाले, मास्तर गेले, आता पोरींचा हा खेळही त्यांच्यासोबत मानानं मिटवू. अकोल्याचा सामना रद्द कळवू. बॉल अलमारीत आठवण म्हणून ठेवू. आणि टेबलावर फोटोशेजारी बॉल ठेवून त्याले हार घातला.

वकीलसाहेब, तो हार माझ्या दुकानचा आहे. सकाळी तुमी दोन हार मागवले. मले वाटलं, दोन्ही फोटोले. बॉलले काहून घातला? मास्तर गेले. बॉल मेला नाही.

बसा, बसा. माझं झालं नाही.

पहिल्या दिवसाची गोठ सांगते. मी देवळात फुलं देऊन इकडूनच येत होती. पाहते तर मास्तर शिट्टी फुंकून राह्यले, पोरी पळून राह्यल्या, पण बॉल कोणी फेकेच ना. एक पोरगी बॉल घेऊन दुसरीपर्यंत पळत जाय, दोन्ही हातानं तिच्या हातात ठेवे, मंग मागे सरके. हळदीकुंकवाचं वाण देल्यासारखं. मास्तर डोकं धरून खालीच बसले. म्हणे, काहून फेकत नाही वो पोरीओ? माझी काशी बोलली, "माय मारते."

खोटं नाही. कोणाच्या अंगावर वस्तू फेकली का मी झोडपत होती. तुमच्या घरी वेगळं आहे का? फेकून देतो ते कुत्र्याले. माणसाले हातात द्या लागते. सगळ्या पोरी अशाच घरच्या. त्यायले सांगतलं का मैत्रिणीच्या छातीवर बॉल फेक, तर हात उठतीन कसे?

मास्तर तडक दुकानावर आले. म्हणाले, "बाई, तुमच्या धाकानं माझा खेळ बंद पडला."

मी म्हटलं, मास्तर, उद्या माझी पोरगी सासरी जाईन, तिथं तिनं सासूच्या अंगावर तांब्या फेकला तर भांडण सोडवाले तुमी येसान का?

हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "ज्याले द्याचं त्याच्या हातात नीट पोचलं, तर ते देणंच झालं ना?"

"आणि पडलं तर?"

"पडलं तर देणाऱ्याची चूक. धरणाऱ्याले मी बोलत नाही."

हे ध्यानात ठेवा, मंडळी. मी यावरच परत येणार आहे.

मंग त्यायनं पोरीयले द्याले शिकवलं. खेळाले नाही, द्याले. बॉल छातीशी घे. आंगठे मागून. कोपरं पसरू नको. एक पाय पुढे टाक, मंग हात सोड. बॉलचं तोंड बांधलेल्या वादीची गाठ बोटाखाली येऊ देऊ नको. ती उभी आहे तिथं देऊ नको, ती पोचणार आहे तिथं दे. आणि धरणारीनं हात पुढे न्याचे, बॉल हाताले लागला का हातासोबतच पोटाकडे घ्याचा, आदळू द्याचा नाही. मले हे पाठ आहे, कारण काशी घरात दिवसभर हेच बोले. पत्ताकोबीचा गड्डा घेऊन भावाले पास देत बसे. जे गड्डे फुटत त्याची आमी भाजी खात होतो. तो पुरा हिवाळा आमी दुसरी भाजी पाह्यली नाही.

मागच्या साली अकोल्याले हरून आलो, तेही सांगते, लपवाचं काय. अकोल्याच्या पोरी लंब्या. हात वर करून समोर उभ्या राहत. आमच्या पोरी डोक्यावरून देत आणि त्या मधातच उचलून नेत. शेवटचा बॉल कुमुदच्या हातातून सुटला. कुमुद म्हणजे वकीलसाहेबांची पोरगी, तुमाले माहीतच आहे. परत येताना गाडीत सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. तिनं धरला नाही, तिच्यापायी हरलो. पोरगी खिडकीत तोंड घालून बसली. मी सोबत होती, म्हणून सांगून राह्यली.

मास्तर कधी ओरडत नसत. त्या दिवशी त्यायनं फक्त विचारलं, "कुमुदले बॉल देला कोणी?"

काशीनं हात वर केला.

"मंग कुमुदले कोणी काही म्हणाचं नाही. काशी, तुमच्या घरी मीठ कसं देतात?"

हरून चाललो आणि हा माणूस मीठ विचारते. मले वाटलं, डोक्यात ऊन गेलं. काशी म्हणे, खाली ठेवून. हातात देलं तर भांडण होते.

"मंग उचलते कोण?"

"जिले पाहिजे ती."

"तसंच कर. समोरची हात वर करून उभी आहे ना? तिच्या हाताखालून जमिनीवर ठेव. एक टप्पा. तो टप्पा तुझ्या पायाशी नको, आपल्या पोरीच्या जवळ पडू दे, म्हणजे तिच्या कमरेशी येईन. ती उचलून घेईन."

झालं. पोरीयनं त्याचं नावच ठेवलं, मिठाची पास. मैदानात एकीनं "मीठ" म्हटलं का दुसरी वाकलीच समजा. साल झालं, याच मैदानावर त्या मीठ देऊन राह्यल्या. आणि आता, येत्या रविवारी त्याच अकोल्याच्या पोरींशी सामना आहे, तर तुमी म्हणता रद्द करा?

मास्तरचा ताप चढला तेव्हा मी माहेरची, मोर्शीची संत्री घेऊन गेली होती. खाल्ली नाहीत. मले म्हणाले, रविवारी पोरीयले अकोल्याले कोण नेते? मी म्हटलं, मी नेईन. म्हणाले, तुमाले खेळ समजते का? मी म्हटलं, खेळ नाही समजत, गाडी समजते. हसले. हसता हसता खोकला आला. वहिनीनं पाणी पाजलं. मंग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पास धरली ना, बाई?"

मी म्हटलं, "धरली."

एवढंच बोलणं झालं. त्याच्यानंतर त्यायले शुद्ध नव्हती.

आता कोणी म्हणते, सुतकात खेळ कसा? ज्यांच्या घरचं सुतक त्यायले विचारलं का? वहिनीनं काल पोरींचे निळे सदरे धुऊन, घड्या करून माझ्या दुकानावर पाठवले. काही निरोप नाही. नुसते सदरे. मले समजलं. तुमाले समजाले अजून काय पाहिजे?

कोणी म्हणते, मास्तरशिवाय पोरी सोबत कोणाच्या जातीन? माझ्या. अजून दोघी बाया तयार आहेत. कोणाले आमच्यावर नजर ठेवाची असन तर त्यानं आपलं तिकीट काढावं आणि डबे उचलाले यावं.

वकीलसाहेब, मी तुमच्याशी भांडून नाही राह्यली. तुमी मान म्हणूनच बोलले. पण मास्तर म्हणत, पडलं तर देणाऱ्याची चूक. आज हा बॉल अलमारीत गेला तर उद्या लोक म्हणतीन, देवराव मास्तरनं काय मागे ठेवलं? काहीच नाही. म्हणजे चूक त्यायची ठरन. धराची आपण, सोडाची आपण, आणि चूक टाकाची त्या माणसावर, जो आता बोलू शकत नाही? माझ्या जीवात जीव आहे तोवर मी हे होऊ देणार नाही.

हा पाहा, मी बॉलचा हार काढला. हा फोटोले घालते. त्याची जागा तिथं आहे.

काशी, उठ. कुमुद, तूबी उठ. वकीलसाहेब, पोरीले अडवू नका. बाकीच्या पोरी, गोल करा. हा बॉल घ्या.

आता मंडळी, सगळ्यायनं उभं राहा. आपण मास्तरसाठी चूप राहू. रडू आलं तर रडा, पण आवाज नको. या मैदानात एकच आवाज होईन, बॉल हातावर आल्याचा. तो मास्तरले ओळखीचा आहे. बॉल कोणाच्याच हातात थांबणार नाही आणि खाली पडणार नाही. ज्याले वाटते हा खेळ मिटवावा, त्यानं मधात येऊन बॉल घ्यावा. कोणी अडवणार नाही.

काशी, माझ्याकडे नको पाहू. कुमुदकडे पाह्य.

दे.