पाठ मोडली

(बार्शीटाकळीजवळचं खेडं. गोठ्याच्या दारात आकांक्षा, छातीशी तान्ही खुशी. आत तिचा नवरा गोपाल बसलेला.)

आकांक्षा : म्हंजे तुमची पाठ धड हाये?

गोपाल : माह्या पाठीले काय झालं?

आकांक्षा : मग सकाळी फोनवर काय लिहून पाठवलं? ‘पाठ मोडली, आज न्यायले येत नाही.’ थे वाचलं, पोरीले दुपट्यात गुंडाळलं अन् अमरावतीहून बस धरली. आई ओरडून राह्यली होती, बाळंतीण अशी एकटी जाते का म्हणून.

गोपाल : अवं, पाठ म्हंजे बकरीची पोर. ही पाह्य, आपल्या काळीचं पिल्लू. पहाटे म्हशीचा पाय पडला इच्या मानेच्या बुडावर.

आकांक्षा : बकरीपायी लेकीले न्यायचं राह्यलं.

गोपाल : हळू बोल, दचकते ती. छाती पाह्य इची. हालतच नाही. फासळ्यांमधलं मास सुन्न पडलं. पोटाच्या पडद्यावर श्वास चालू हाये नुसता. मोठी बकरी असती तर कठीण होतं म्हणे. लहान जिवाचं अंग अजून शिकून राह्यलं असते, मानेचे स्नायू हळूहळू ते काम उचलतात.

आकांक्षा : कोण म्हणे?

गोपाल : प्राजक्ता मॅडम. ढोराच्या डॉक्टर.

आकांक्षा : मॅडम. बसल्या असतीन बाजूले, समजावून सांगत.

गोपाल : उभ्याउभ्या इंजेक्शन देऊन गेल्या.

आकांक्षा : अन् हे इच्या अंगाखाली काय हाये? आईनं खुशीसाठी शिवलेली गोधडी ना ही?

गोपाल : घरात तीच मऊ होती.

आकांक्षा : व्हय. बारशाले आले, जेवले, पोरीच्या गालाले दोन बोटं लावली अन् निघाले. तिचा श्वास पाहत बसले कधी असे?

गोपाल : मान धरत नव्हती ती. भेव वाटे उचलायचं.

आकांक्षा : इची तर मोडलीच हाये. इले बरी उचलली.

(गोपाल गोधडीवरचा हात काढून घेतो.)

आकांक्षा : घ्या. धरा तिले. मी बसतो तुमच्या पाठीपाशी.

गोपाल : झोपली हाये ना.

आकांक्षा : झोपू द्या. पोटावर हात ठिवा.

गोपाल : आकांक्षा.

आकांक्षा : काय?

गोपाल : इचंही पोटच हालून राह्यलं. छाती नाही हालत. बसमधी धक्का बसला काय इले? मॅडमले फोन लाव.

आकांक्षा : कोण्या मॅडमले नाही लावत मी. तान्ही लेकरं पोटानंच श्वास घेतात. सगळीच.

गोपाल : खरं सांगून राह्यली?

आकांक्षा : बसा खाली. पाहा अजून थोडं.