जित्याची काडी

ऐका रे. संज्या, ती बॅटरी बंद कर आधी, डोळ्यात मारतोस. आपल्या येसाक्काचा बाबू उद्या तेलाच्या गाडीवर काम बघायला चाललाय म्हणून सांगतो, न्हाईतर ही गोष्ट मी रातच्याला काढत न्हाई.

आपल्याच वाडीतला बाळनाथ आहिरे. तो आन् म्हातारी आई, घरात दोघंच. पोरानं मोठ्या गाडीचं लायसन काढलं, तेल न्यायचं ट्रेनिंग केलं, आन् पेट्रोलच्या डेपोच्या गेटाबाहेर जाऊन बसला. ज्या मालकाला विचारावं तो म्हणायचा, "तेलाच्या गाडीवर आधी कुठं व्हतास?" हा म्हणायचा, "कुठंच न्हाई." "मग अनुभव घेऊन ये." आता गाडी दिल्याबिगर अनुभव काय आभाळातनं पडतो? पण ऐकतं कोण. रोज दुसऱ्यांच्या टँकरच्या काचा पुसायचा, फुकट, कुणीतरी हाक मारंल म्हणून. घरी आई शेजारणीकडनं पीठ मागून आणायची.

एके दिवशी ढोमसे मालकाचा ड्रायव्हर तापानं आडवा पडला. मालक बाळनाथला म्हणला, "ही पेट्रोलची गाडी दिवस उगवायच्या आत सावरखेड्याच्या पंपावर लाव. वेळेत पोचलास तर काम पक्कं. न्हाईतर ह्या गेटाकडं फिरकू नको."

सकाळीच आईनं भाकरी बांधून दिली व्हती. भाकरीच्या फडक्यात काडीपेटी. आपल्यात हायेच ते, वाटेत रात झाली तर काडीपेटी जवळ पाहिजे, भूत आगीला भितं. म्हणली, "काय दिसलं तर काडी ओढ, बाळा." गेटावर शिपायानं त्याचे खिसे झाडले, विड्या काढून घेतल्या. पण भाकरीचं फडकं कोण सोडून बघतं?

गाडी भरता भरता रात झाली. मोठ्या रस्त्यानं गेला असता तर वाटेतच उजाडलं असतं. आन् काम गेलं असतं. म्हणून बाळनाथनं गाडी घातली वाघदऱ्याच्या खिंडीतल्या जुन्या, जवळच्या रस्त्याला. घातली ती घातलीच.

खिंडीच्या तोंडाशी एक माणूस. खांद्यावर फडकं, तोंडात न पेटवलेली विडी. हात केला. बाळनाथनं गाडी हळू केली. तो म्हणला, "काडी हाय का?"

"पेट्रोल हाय गाडीत, बाजूला हो," बाळनाथ म्हणला, आन् गाडी दामटली.

पुढचं वळण. तोच माणूस. तेच फडकं. "काडी हाय का?"

आता मला सांगा, गाडीच्या पुढं पायी कोण जातं? बाळनाथनं गाडी आणखी दामटली. काच वर केली, मागं बघितलं न्हाई. तिसऱ्या वळणाला तो रस्त्यात नव्हताच. शेजारच्या सीटवर बसला व्हता. "काडी हाय का?"

गाडी बंद पडली. दिवे गेले. काळामिट्ट अंधार. मग वर टाकीवर पावलं वाजायला लागली. झाकण उघडल्याचा आवाज. एक. अजून एक. केबिनीत पेट्रोलचा वास भरला, डोळे चुरचुरायला लागले. दार ढकलतोय, उघडंना. देवाचं नाव घ्यावं तर जीभ हलंना. आन् तेवढ्यात कानापाशी आईचा आवाज आला. हुबेहूब आईचा. "बाळा, घाबरू नको. काडी ओढ. पळून जाईल ते."

ओढली असती रे त्यानं. तुम्ही आम्ही कुणीबी ओढली असती. भाकरीचं फडकं सोडलं, काडीपेटी काढली, काडी कडेला टेकवली. आन् मग त्याच्या ध्यानात आलं. मघापासनं हे मागतंय काय? काडीच मागतंय. आगीला भिणारं भूत आग कशाला मागंल?

पायाशी पाण्याचा कॅन व्हता. त्यात काडीपेटी बुडवली आन् मुठीत चुरगाळली. आन् रडला. हो, एवढा बाप्या माणूस रडला. आईनं दिलेला एकच आधार, तोबी आपल्या हातानं मोडला. तसं शेजारचं ते आईचा आवाज टाकून आपल्या आवाजात रडायला लागलं. "एक काडी. एकच दे रे." रातभर तेच. बाळनाथ डोळे मिटून स्टेरिंगला मिठी मारून बसला.

तांबडं फुटलं तवा आवाज थांबला. दार उघडलं. वर चढून बघतो तर झाकणं बंद, सील शाबूत, आन् भवती जळक्या काड्यांचा सडा. रातभर ओढत व्हतं ते. मेलेल्याच्या काडीनं काय पेटत न्हाई रे. जित्याचीच काडी लागते.

पंपावर पोचला तवा ऊन चढलं व्हतं. मालक येऊन उभाच. शिव्या द्यायला तोंड उघडलं आन् त्याला बाळनाथच्या मुठीतली भिजकी काडीपेटी दिसली.

"वाघदऱ्यानं आलास?" मालक म्हणला आन् तिथंच दगडावर बसला. म्हणला, "माझी पहिली गाडी त्या खिंडीत जळली. पोरगा नवाच व्हता, पहिलीच खेप. त्याच्याबी आईनं काडीपेटी बांधून दिली व्हती."

उशीर झाला तरी काम बाळनाथलाच मिळालं. पण त्या दिवसापासनं तो विडीला शिवला न्हाई. देवापुढचा दिवाबी घरात आईच लावायची.

म्हणून सांगतो बाबू, उशीर झाला तर होऊ दे. मालक हाकलंल, हाकलू दे. दुसरं दार ठोठाव. पण वाघदऱ्याच्या रस्त्याला चाक घालू नको. एकट्यानं जळालेलं पोर हाय ते, त्याला सोबत पाहिजे.

आन् येसाक्का, तू का गं मान खाली घालून बसलीस? पोराच्या पिशवीत काय बांधलंयस? काढ. काढ बाहेर. रडू नको, त्या बाईनंबी मायेनंच बांधली व्हती. आण ती इकडं, माझी विडी कवाची विझलीय.