विमान चालवता येतंय तिला काय शिकवता?

लातुरात टँकरच्या रांगेत ज्ञानोबा गुरुजी घागर सरकवायची विसरून कान देऊन उभे राहिले. पुढे विमान चालवायला शिकवणारे मन्मथसर होते आणि त्यांच्या विद्यार्थिनीची आई नीलम्मा.

“सर, बीपीपायी तुमचं विमान उडवायचं मेडिकल सर्टिफिकेट अडकलं म्हणं. पोरीचं शिकणं बंद का?”

“न्हाई अक्का. जमिनीवरचं सगळं मीच शिकवतो.”

“आन् वर?”

“वर दुसरे सर. तिला लायसन मिळालं की विमानाची जबाबदारी तिची, मग मलाबी शेजारी बसून शिकवता येतं.”

“तवा तर तिला विमान चालवता येतंय. मग काय शिकवता?”

“चुका दाखवतो.”

“हात न लावता?”

“हाव.”

“आमचे मालक रोज चुलीपाशी बसून हेच करतेत. त्यांना कुणी सर म्हणत न्हाई.”

“अक्का, पोरीला पाठवणार ना पण?”

“पाठवते की. शेजारी बसलेल्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, एवढं ती घरीच शिकलीय.”