बायकांच्या माडीचं निम्मं तिकीट

हात आकडू नका, शांतम्मा अक्का — ढिल्ला सोडा, लोन्यागत — हां, आता कसं! — आन् न्हाय म्हनायच्या आदी पुरतं ऐकून तर घ्या की. बांगडी भरताना हात माज्या मुठीत, उठून जानार कुटं? हसताय व्हय? हसा, हसा, लगीनघरात हसावंच मानसानं. मल्लव्वाचा हिरवा चुडा भरला तर पोरगी कशी लाजून आत पळाली, बगितलंत न्हवं? आता नवरीच्या आईचा हात, मग जावांचे, आन् तवर माजं तोंड चालू ऱ्हाऊ द्या. मनेरनीचं तोंड बंद झालं की बांगडी आत जात न्हाय, आमची सासू म्हनायची. तर तिकीट. हे बगा, हितंच हायत टोपलीत, बांगड्यांच्या तळाला — गुलाबी कागद. आमच्या मास्तरांचा — माज्या मालकांचा — जलसा, थेटरात, दर ऐतवारी दिवस कलला की. बायकांची माडी वेगळी, वर, म्होरं पडदा सोडलेला, कुनाची नजर न्हाय काय न्हाय. तीन ऐतवार ऱ्हायलेत, तिन्हीचा पास निम्म्या दरात. मांडीवरलं पोर फुकट. आन् डझनभर बांगड्या घेतल्या तर एका ऐतवारचं तिकीट मी माज्याकडनं देते — हे मास्तरांना ठावं न्हाय, सांगू नका.

तुमी ह्या ऐतवारी यायच्या न्हाईत, कळतंय की मला. ऐतवारी गोरजावर तुमच्याच दारात अक्षता. पन फुडच्या ऐतवारी या! मांडवपरतनीला लेक यील, जावई यील, नवरदेवाच्या केम गावच्या पाव्हन्या बायका असतील अजून — त्यांनी सोलापुरात यिऊन काय बगायचं, गिरनीचं धुराडं? जलशाला घेऊन या. — अक्का, आसं तोंड फिरवू नका वो. मी काय विष विकते व्हय? सगळी पेठ आशीच तोंड फिरवती. परवा एक बाई म्हनली, निम्मा दर केलाय म्हंजे निम्मंच वाजवनार का? आता हिला काय सांगावं!

आवो, पुरं वाजवतात, आन् बसून वाजवतात. खुर्च्यांवर. तीच तर सगळी गंमत — न्हाय, गंमत कसली. मास्तर एकदा पुन्याला गेलते, तितं लष्करात गोऱ्यांचा आर्केस्ट्रा ऐकला म्हनं त्यांनी, कुंपनाभायेर उभं ऱ्हाऊन. पन्नासभर मानूस, सगळी खुर्चीवर बसलेली, आन् म्होरं ऐकनारी बी बसलेली — कोन जेवत न्हाय, कोन बोलत न्हाय, फकस्त ऐकत्यात. वाजनाऱ्याकडं तोंड करून! घरला आले ते येड लागल्यागतच. म्हनाले, जमीला, आख्खी हयात गेली, लोकांनी आमच्याकडं पाठ करून ऐकलं. लगनात नवरदेवाकडं बगतात, शिनेमात पडद्याकडं बगतात. एकदा तरी कोनी म्होरं बसून ऐकावं. — मुक्या शिनेमात पडद्याखाली बसून वाजवनारे हेच की! बाई रडाय लागली की ह्यांचं क्लारनेट रडायचं, तवा माडीवर पदर डोळ्याला लागायचे. तुमी बी रडलाय, बगितलंय मी तुमाला, न्हाय म्हनू नका. मग पडदा बोलाय लागला आन् ह्यान्ला गप केलं. थेटरच्या शेठनी सांगितलं, आता गानं पेटीतनंच येतंय, तुमी घरला बसा.

घरला बसले तर मास्तर कसले! म्हनाले, लोक आमचंच ऐकाय यायचे, चित्र नुसतं तोंडी लावायला हुतं. शेठचे पाय धरले, ऐतवार मागून घेतले. पाडव्यापास्नं वसंताचे जलसे — आसं छापलं हँडबिलावर, बावीस वाद्यं, नावासकट. आन् हितंच चुकलं, अक्का. आवो, पाडव्यापास्नं! लगीनसराईत! ब्यांडवाल्या मानसानं ऐन लगीनसराईत थेटरात दार लावून बसायचं व्हय? मुहूर्त मनेरनीला पंचांगाच्या आदी कळतात, कुनाच्या घरनं चुड्याचा निरोप आला की समजायचं. मी म्हनलं त्यान्ला, आवो, हे सगळे ऐतवार मुहुर्ताचे हायत, गाव मांडवात असंल, तुमच्या म्होरं कोन बसनार? श्रावनात करा, लोक रिकामे असत्यात. तर म्हनाले, तू बांगड्या भर. गोऱ्यांत म्हनं वसंतातच करत्यात. हौ, करत असतील, त्यांच्यात काय चैतात लगनं लागत्यात व्हय!

सुपाऱ्या परत केल्या, सगळ्या. लोक दारात यिऊन उभे, मास्तर तुमचाच ब्यांड पायजे, आन् हे सांगतात, आता रस्त्यावर वाजवनार न्हाय. शपत घातली सोताला. लाल कोट हुता त्यांचा, पितळी बटनांचा — काढून माज्या म्होरं टाकला, म्हनाले, फाड. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, खायाला मागत न्हाय कोट. ऐकंनात. फाडला मग, वाकळंला लावला. आता आमच्या वाकळंत मधीच लाल चौकोन हायत, पोरं त्याच्यावर कुनी निजायचं म्हनून भांडत्यात.

दुसरा हात? नको अजून, हाच व्हायचाय. अंगठा आत घ्या जरा. — पयला ऐतवार सांगू का कसा झाला? सांगायचा न्हवता, पन सांगते. बसले सगळे खुर्च्यांवर, पांढरे सदरे, मी माडीवर, माज्याबरूबर सात-आठ बायका, त्यातल्या चार आमच्याच घरच्या. सुरवात झाली झकास. दोन चिजा झाल्या आन् ठेका पडाय लागला. ढोलवाल्याला कळंना काय होतंय ते. आवो, जलमभर चालत वाजवल्याली मानसं! पाय हालला न्हाय तर ढोलाला कळनार कसं कवा वाजायचं? पयला तो उठला. मग कारनेटवाला, पितळी भोंग्याचा, उठला. मग हळूहळू सगळेच उठले आन् हाय त्या जागी पाय टाकत वाजवाय लागले, आन् काय सांगू, आसं लागलं वाजाय की थेटर घुमलं! मला तर रडूच आलं. आन् तेवढ्यात खालच्या रांगंतला एकजन उठला, शेजाऱ्याच्या डोक्यावरनं खिशातली आनेली ओवाळली, आन् वर यिऊन मास्तरांच्या हातावर टेकवली. लगनात टेकवत्यात तशी. लोक हसले. त्या मानसाला काय वाईट वाटत न्हवतं, खुशीनंच दिली त्यानं. पन मास्तरांनी क्लारनेट खाली घेतलं. मधीच. चीज तुटली. मग परत सगळ्यान्ला बसवलं आन् शेवटपातूर बसूनच वाजवलं, मढ्यापुढं वाजवल्यागत. — चुकलं वो, शुभ घरात काय बोलले. तोबा, तोबा. हळद लावा माज्या तोंडाला.

मग काय, मुहूर्त लागले तशी एकेक मानसं गेली. चन्नवीरच्या ब्यांडात. मी त्यान्ला नावं ठेवत न्हाय, सराई सोडली तर वरीसभर काय खायचं त्यांनी? ढोल गेला, कारनेट गेला, झांजवाला तर आमच्या चुलत्याचा, त्यो बी गेला. जाताना प्रत्येकजन मास्तरांच्या पाया पडून जायचा, आन् मास्तर म्हनायचे, जा बाबा. मागच्या ऐतवारी निम्मे बी न्हवते. आन् शेठनी सांगितलंय, ह्या ऐतवारी बायकांची माडी भरली न्हाय तर जलशाला कुलूप, मग ऐतवारी बी बोलपट. माडीच का म्हनाल तर शेठचं म्हननं, बायका आल्या की घर येतं. म्हनून मी हिंडते. मानसं परत आनायचं माज्या हातात न्हाय, माडी भरायची तेवढी हाय. माडी भरली तर ते वाजवतील अक्का, एकटे बी वाजवतील, बगा तुमी. एवढं एकदा त्यांच्याकडं तोंड करून मानसं बसू द्या.

आज सकाळी मी निगाले तर मास्तर म्हनतात कसे, आज नको जाऊ, ऊन लई हाय. पाडव्यापास्नं उनातच हिंडते की मी, तवा न्हाय दिसलं ऊन! पन बरं वाटलं मला. आसं कदी बोलत न्हाईत. डोक्यावर टोपली सोता चढवून दिली त्यांनी.

आन् अक्का, एक इनंती. ऐतवारी नवरदेवाची मिरवनूक थेटरावरनंच जाईल न्हवं? जवळची वाट तीच. जलसा चालू असंल तवा, तर जरा तेवढ्यापुरतं वाजाप हळू — काय? थेटरावरनं न्हाय? बाळी वेशीकडनं? एवढा वळसा? आवो, नवरदेवाचं घोडं दमंल की! मुहूर्त टळंल! — बरं, असंल तुमची रीत. आमाला बरंच झालं ते. ब्यांड चन्नवीरचाच न्हवं? वाटलंच. आता गावात दुसरा हाय कुटं. ढोल चांगला वाजवतील, आमचाच हाय तो. पन क्लारनेट न्हाय त्यांच्यात. चन्नवीरचा क्लारनेटवाला म्हंजे फुटक्या पिपानीगत, मानसं हसत्यात — काय?

कोन म्हनला?

न्हाय, चुकताय तुमी. क्लारनेटला दुसरा कोन असंल. इसूफ नावाचे लई हायत सोलापुरात — बगा, नाव घेतलं मी तोंडानं — लई हायत. एक तांबोळ्यात हाय, एक टांगेवाला हाय. सोता आलते? हितं? ह्या सोप्यात बसलते? चन्नवीरबरूबर? कवा? — बुधवारी. बुधवारी मी फुडच्याच गल्लीत हुते की. तिकिटं घेऊन. — उंच, व्हय. कानात अत्तराचा फाया, व्हय. चा घेतला न्हाय. न्हाईतच घेत ते कुनाकडं. — सुपारी त्यांच्या हातात दिली तुमच्या मालकांनी? घेतली? — बगून घेतली का आशीच खाली मान घालून — ऱ्हाऊ द्या. सांगू नका.

ऐतवारी दिवस कलताना तुमचा नवरदेव. म्हंजे जलसा… म्हंजे थेटरात कोनच…

अट? कसली अट? पैशाची असंल. न्हाय? मग? — थेटरावरनं न्यायची न्हाय मिरवनूक. एवढीच अट घातली. एवढीच. हां. म्हनून बाळी वेशीकडनं वळसा. हां.

थांबा, थांबा, हलू नका — वाढली. बांगडी वाढली. हात बगू? लागलं न्हाय न्हवं? माजीच चूक, दाबली मी जास्त. भरताना वाढली ती माज्या अंगावर, तुमाला मोजायची न्हाय. लगीनघरात आपशकून धरू नका अक्का, माज्या हाताचं झालं हे, तुमच्या नशिबाचं न्हवं.

मी काय बोलत हुते? — ऊन. ऊन लई हाय म्हनाले सकाळी. मला वाटलं, माया आली. माया बी असंल, काय सांगता येतं? तोंडानं सांगवलं न्हाय मानसाला, टोपलीला हात लावला नुसता. आन् मी खुळी ईस घरं फिरले आज, ईस घरं! मास्तर वाजवनार म्हनून छातीवर हात मारून सांगत — आन् कोट? कोट कुनाचा घालनार ते? आमचा तर मी फाडला. चन्नवीरचा क्लारनेटवाला लुकडा, त्याचा बसनार न्हाय ह्यान्ला, खांद्यात आवळंल. बाह्या आखूड हुतील. — सुपारी घेतली ते मला कळतंय वो. पोरं खात्यात, मी खाते, कळतंय की. मी काय अडवलं असतं व्हय? मीच म्हनत हुते. पन मला सांगायचं. मला तेवढं सांगायचं हुतं त्यांनी.

काय करताय? पैसं ठेवा ते. दोन पास कशाला? आता कशाला, अक्का? मघापास्नं मी गळा सुकवते तवा न्हाय — ऱ्हाऊ द्या, राग न्हाय. ठेवा म्हनते न्हवं! नसलेल्या जलशाचं तिकीट मी विकू व्हय? निम्म्या दरात बी न्हाय.

एक करा माज्यासाटी. ऐतवारी ते आले म्हंजे बोलू नका, की तुमची जमीला आलती, चुडा तिनंच भरला म्हनून. नजर बी टाकू नका तसली. वाजवू द्या त्यान्ला. क्लारनेट चांगलं वाजंल, तुमच्या मल्लव्वाचं नशीब चांगलं हाय. मी बी घरी बोलनार न्हाय. उद्या सकाळी परत टोपली घेईन, तिकिटं तळाला ठेवून निगंन. विकनार न्हाय कुनाला, नुसती उनातनं हिंडून यीन. घरी बसले तर कळंल त्यान्ला, मला कळलंय म्हनून.

न्हाय, पानी नको. जावान्ला बोलवा तुमच्या. — आन् अक्का, आता बोलू नका कायबी. दुसरा हात द्या.